जीआय मिळालं, मग भाव का वाढला नाही? हापूसच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. कोकणातल्या एका आंबा उत्पादक संस्थेचे चारशेच्या आसपास सभासद आहेत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं, पण संस्थेतल्या जेमतेम पन्नास जणांनी स्वतःची नोंदणी केली. वाशीच्या बाजारात पेटीचा भाव दलाल सांगेल तोच, आणि शेजारच्या गाळ्यावर कर्नाटकातला आंबा ‘रत्नागिरी’, ‘देवगड’ छापलेल्या पेटीत विकला जातोय. संचालक विचारतात: या जीआयचा गावाला उपयोग काय? असेल तर तो पदरात पाडून घ्यायला नेमकं काय करायचं?

उपयोग आहे. पण जीआय हा एका नावावरचा हक्क आहे, भावाची हमी नाही. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं असं समजून सत्कार होतात, फोटो छापून येतात, आणि खरं काम तिथेच थांबतं. देशात आज साडेसहाशेहून अधिक जीआय नोंदले गेले आहेत. त्यांतल्या अनेकांची गोष्ट तुमच्यासारखीच आहे: मालक संस्था आहे, नकाशा आहे, पण बाजारातली एखादी पेटी उचलून ‘ही कुठल्या बागेतली?’ असं विचारलं तर सांगता येत नाही. ज्या दिवशी ते सांगता येईल त्या दिवशी भावाची बोलणी सुरू होतील. खालचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

हक्क कोणाचा, हे आधी नीट समजून घ्या

जीआयचा कायदा १९९९ चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून. चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदणी कार्यालयात, नोंदवहीचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’मध्ये जीआय आणि त्याचा नोंदणीकृत मालक. हापूसच्या बाबतीत दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि उत्पादकांच्या तीन संस्था मालक आहेत, आणि क्षेत्र आहे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे. भाग ‘ब’मध्ये अधिकृत वापरकर्ते. नाव मालावर वापरण्याचा हक्क कायदा या भाग ‘ब’मधल्या माणसाला देतो. कलम २२ असं सांगतं की जो अधिकृत वापरकर्ता नाही त्याने मालाच्या मूळ ठिकाणाबद्दल दिशाभूल होईल अशा रीतीने ते नाव वापरणं हे उल्लंघन. म्हणजे देवगडात चार पिढ्यांची बाग असलेल्या शेतकऱ्याकडेही नोंदणी नसेल तर अधिकृत वापरकर्त्याचा हक्क कागदावर नसतो. तुमच्या साडेतीनशे सभासदांची आज ही अवस्था आहे. त्यामुळे ‘बाहेरच्यांवर कारवाई करा’ म्हणण्याआधी घरची नोंदणी पूर्ण करा.

‘उत्पादक’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या पुष्कळ रुंद आहे. शेतमालाच्या बाबतीत पिकवणारा, प्रक्रिया करणारा, पॅकिंग करणारा, आणि त्या मालाचा व्यापार करणारासुद्धा त्यात बसतो. व्यापारी अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो, आणि होतोही. त्याला सरसकट विरोध करू नका. पण त्याचा अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की तो माल कोणत्या बागांतून घेतो याची यादी मागा. यादी देत नसेल तर हरकत घ्या. मुदत तीन महिन्यांची, वाढवून मिळाली तर आणखी एक महिना. जर्नल दर महिन्याला पाहण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवलेली नसेल तर ही मुदत हमखास हुकते.

दुसरी एक चूक संस्था भाबडेपणाने करतात. एखादी कंपनी येते, ‘वर्षाला अमुक रक्कम देतो, जीआयचं नाव वापरू द्या’ म्हणते, आणि संचालक मंडळ ठराव करून मोकळं होतं. कायद्यात याला जागाच नाही. कलम २४ नुसार जीआयचा हक्क विकता, भाड्याने देता, परवान्यावर देता किंवा गहाण ठेवता येत नाही. फक्त वापरकर्ता वारला तर त्याचा हक्क वारसाकडे जातो. कंपनीला नाव हवं असेल तर तिने स्वतः नोंदणी करावी आणि तुमच्या तपासणीखाली यावं.

अर्ज: पैसे लागत नाहीत, कागद अडतात

अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज फॉर्म जीआय-३ वर करायचा. २०२० च्या दुरुस्तीनंतर शुल्क ५०० वरून १० रुपयांवर आलं आणि मालक संस्थेच्या जोडीने अर्ज करण्याची अटही गेली. आता शेतकरी स्वतः अर्ज करतो, एक प्रत मालक संस्थेला पाठवतो आणि तसं रजिस्ट्रीला कळवतो. सोबत आपण काय, कुठे, कसं पिकवतो याचं निवेदन, प्रतिज्ञापत्र, ओळखीचा पुरावा आणि सातबारा.

गाडी अडते ती सातबाऱ्यावर. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, आणि झाडांची नोंद जुनी किंवा नाहीच. मग ‘तुमचं नाव नाही’ म्हणून खऱ्या बागायतदाराला परत पाठवलं जातं. हे चूक आहे. कायदा उत्पादक असणं मागतो, जमिनीची मालकी ही अट घालत नाही. सातबारा हा सगळ्यात सोपा पुरावा आहे इतकंच. जिथे तो पुरत नाही तिथे सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, ई-पीक पाहणीतली नोंद, आंबा दिल्याच्या पावत्या आणि संस्थेच्या प्रतिनिधीने बागेत जाऊन केलेला पंचनामा जोडा. बायका बाग सांभाळतात आणि नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं, अशा घरांत बाईच्या नावाने अर्ज करून घ्या. सभासदत्व, मतदान आणि पुढे मिळणारा हिस्सा या एका नोंदीवर ठरणार आहे.

करारावर दिलेल्या बागांचा प्रश्न वेगळा. मोहोर आल्यावर किंवा दोन-चार वर्षांसाठी बाग कराराने देण्याची पद्धत सगळीकडे आहे. मग वापरकर्ता कोण? दोघांचीही नोंदणी करा, पण त्या बागेचा माल कोणाच्या खात्यावर जाणार हे करारनाम्यात लिहून घ्या. ते लिहिलं नाही तर एकाच झाडाचा आंबा दोन खात्यांवर मोजला जातो, आणि त्या फटीतून बाहेरचा माल आत शिरतो.

मुदतीचं एक कलम फार कमी संस्थांच्या लक्षात येतं. नोंदणी दहा वर्षांची असते, पण ती प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजत नाहीत. अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजतात. अर्जानंतर वर्षानुवर्षं वाद चाललेला असेल तर प्रमाणपत्र हातात येईपर्यंत नूतनीकरणाची वेळ आलेली असू शकते. अधिकृत वापरकर्त्याची मुदतही दहा वर्षं किंवा मूळ जीआयची मुदत, यांतली जी आधी संपेल ती. मूळ नोंदणीचं नूतनीकरण राहिलं तर सगळ्या वापरकर्त्यांचा हक्क एकदम धोक्यात येतो. मुदत संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत जादा शुल्क भरून ती वाचवता येते, पण त्या सहा महिन्यांत हंगाम आला तर कोणावरही दावा टाकताना पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

‘अवीट गोडी’ तपासता येत नाही

बहुतेक अर्जांत मालाचं वर्णन कवितेसारखं असतं. रंग मोहक, चव अवीट, सुगंध घमघमणारा. कोर्टात आणि बाजारात याचा शून्य उपयोग. मूळ नोंदणीतलं वर्णन बदलणं लांबचं काम आहे, त्याच्या मागे आत्ता लागू नका. संस्थेने स्वतःची आचारसंहिता करावी, दोन-तीन पानांची, आणि तिच्यातलं प्रत्येक वाक्य मोजता किंवा बघता येईल असं असावं.

हापूससाठी ती साधारण अशी असते. फळ चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) पक्व झाल्यावरच काढायचं. नूतन झेल्याने (आंबे काढायच्या जाळीच्या काठीने) देठासकट काढायचं, म्हणजे चीक सालीवर ओघळून काळे डाग पडत नाहीत. काढणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, आणि काढलेलं फळ एक क्षणही तापलेल्या कातळावर ठेवायचं नाही. फार पिकू दिलेलं फळ आणि काढणीनंतर लागलेली उष्णता, या दोन्हींनी साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, वाढतो. साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे तो थेट गिऱ्हाइकाच्या ताटात दिसतो. तुमच्या शिक्क्याची, म्हणजे मालावर लावलेल्या संस्थेच्या खुणेच्या चिठ्ठीची, अब्रू जाते ती तिथे. वजन २०० ते ३०० ग्रॅम, त्याच्या वर-खाली वेगळी प्रत. पिकवणं आढीत किंवा इथिलीनच्या चेंबरमध्ये, जिथे गॅसचं प्रमाण १०० पीपीएमच्या पुढे जाता कामा नये. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे आणि ते सापडलं तर त्या सभासदाचे शिक्के त्याच दिवशी बंद. पिकल्यावर ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजण्यासाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. संस्थेने १८ ही किमान मर्यादा ठेवली तर ती कडक आहे, पण चांगल्या बागेला झेपणारी आहे.

कल्टारबद्दल, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाला देतात त्या रसायनाबद्दल, आचारसंहितेत लिहायला संचालक मंडळं बिचकतात, कारण ते सगळेच वापरतात. लिहा. विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. कराराने बाग घेणारा याच्या कितीतरी पट ओततो, कारण त्याला तीन वर्षांत पैसे काढून निघून जायचं असतं आणि झाड मालकाचं असतं. करारनाम्याला शिफारशीची मात्रा जोडणं आणि कल्टारच्या बिलांची प्रत संस्थेकडे ठेवणं, एवढ्यानेही बागा वाचतात. माझ्या मते जीआयमधून गावाचा विकास साधायचा असेल तर हे कलम भावापेक्षाही महत्त्वाचं. झाडं खलास झाली तर नाव कशाला लावणार?

झाडापासून पेटीपर्यंतचा हिशेब

बनावट माल थांबवण्याचं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे गणित. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० झाडं बसतात. कोकणात हापूसचं उत्पन्न हेक्टरी दोन ते तीन टन धरतात. अडीच टन धरलं तर २,५०० किलो, म्हणजे २५० ग्रॅमची साधारण १०,००० फळं. पाच डझनी पेटी धरली तर साधारण १६६ पेट्या. हा त्या बागेचा कमाल आकडा. सभासदाला शिक्के मिळतील ते इतक्याच मालापुरते. हापूस वर्षाआड धरतो, म्हणून दर जानेवारीत फळधारणा पाहून हा आकडा खाली आणायचा; वर न्यायचा नाही. वर न्यायची मागणी आली तर आधी बागेत जायचं.

शिक्का पेटीवर लावायचा की फळावर? फळावर. पेटी दहा वेळा वापरता येते, रिकामी पेटी विकत मिळते, आणि वाशीत पोचेपर्यंत वरचा थर वेगळा नि खालचा वेगळा होऊ शकतो. देवगडच्या तालुका संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर छेडछाड ओळखू येणारा, स्वतंत्र क्रमांकाचा शिक्का लावायला सुरुवात केली. शिक्का फाडला की आतला क्रमांक दिसतो आणि तो व्हॉट्सअॅपवर पाठवून गिऱ्हाईक खातरजमा करू शकतो. तत्त्व बरोबर आहे, तुमच्याकडे उचलण्यासारखं आहे. पण शिक्का हिशेबावर उभा नसेल तर त्याचीच काळी विक्री सुरू होते: ज्याच्याकडे माल कमी तो उरलेले शिक्के दलालाला विकतो. म्हणून हंगाम संपल्यावर न वापरलेले शिक्के मोजून परत घ्या, आणि परत न देणाऱ्याचा पुढच्या वर्षीचा कोटा तेवढ्याने कापा.

तपासणी समितीचं नाव जीआयच्या अर्जात असतंच, कारण नियमांत ती मागितलेली आहे. प्रत्यक्षात ती बहुधा कागदावर राहते. अध्यक्ष मोठ्या हुद्द्याचा, त्याला वेळ नाही, बैठक होत नाही. समितीचं काम तीन थरांत वाटा. शेतकरी स्वतःची नोंदवही ठेवतो: फवारणी, काढणीची तारीख, किती फळं, कोणाला. संस्थेचे दोन प्रशिक्षित तरुण दर हंगामात किमान दहा टक्के बागा आणि प्रत्येक नव्या सभासदाची बाग पाहतात. बागा चिठ्ठी टाकून निवडायच्या आणि संचालकांच्या बागाही चिठ्ठीत ठेवायच्या. तिसरा थर बाहेरचा: विद्यापीठाची किंवा एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसं बाजारातूनच, पैसे देऊन, शिक्का असलेली फळं विकत घेतात आणि कापतात. हा तिसरा थर बहुतेक ठिकाणी नसतो. बाजारात काय पोचतंय ते फक्त त्यातूनच कळतं.

बनावट पेटी सापडली, आता?

फौजदारी तरतूद कडक दिसते: खोटा जीआय लावल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. पण धाड घालण्याचा अधिकार उपअधीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे, आणि त्याने आधी रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं. ते मत येईपर्यंत आंबा सडून जातो. पैठणी किंवा सोलापुरी चादरीच्या बाबतीत हा मार्ग चालेल. ताज्या फळाला तो चालत नाही.

दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो आणि मनाई हुकूम मिळाला तर तो पुढच्या हंगामाला कामी येतो. त्यासाठी पुरावा हंगामातच गोळा करावा लागतो: पेटी पावतीसकट विकत घ्यायची, उघडतानाचं चित्रीकरण करायचं, पेटीवरचा मजकूर, गाळा, तारीख सगळं टिपायचं. कर्नाटकातलं झाडही हापूसचंच असतं, त्यामुळे ‘हा हापूसच नाही’ असा वाद घालत बसू नका, तज्ज्ञ साक्षीदारांत अडकाल. सगळ्यात मजबूत केस म्हणजे ‘रत्नागिरी’ किंवा ‘देवगड’ छापलेली पेटी आणि परराज्यातून आलेल्या गाडीची आवक पावती, दोन्ही शेजारी शेजारी.

रोजच्या लढाईसाठी बाजार समिती गाठा. आवक नोंदताना राज्य आणि जिल्हा लिहिणं, विक्री पट्टीवर तो उतरवणं, कर्नाटकचा माल वेगळ्या ओळीत लावणं. याचा आग्रह हंगामाच्या दोन महिने आधी, लेखी, आणि शक्यतो दलालांनाच बरोबर घेऊन धरा. चांगला दलाल याच्या विरोधात नसतो, कारण फसलेलं गिऱ्हाईक त्याचंही जातं. डबाबंद रस, पल्प यांवर खोटं मूळ छापलं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड आहे, आणि ती तक्रार जीआयच्या दाव्यापेक्षा लवकर हलते.

पैसा आला तरी तो कोणाकडे जातो?

गावाच्या विकासाचा खरा प्रश्न हा आहे, आणि याचं उत्तर कायद्यात सापडत नाही. मेक्सिकोच्या टकीला या दारूचं उदाहरण संचालक मंडळाने जरूर अभ्यासावं. १९७४ पासून नावाला संरक्षण, जगभर मागणी, निर्यात जोरात. पण नियमांनी ५१ टक्के साखर आगावेची (ज्या झाडापासून ही दारू करतात त्याची) असली तरी चालेल असं ठरवलं, आणि क्षेत्र हालिस्कोसह पाच राज्यांत पसरवलं. आगावे तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात. टंचाई झाली की भाव आभाळाला, सगळे लागवड करतात, आणि पीक हाती येईपर्यंत भाव कोसळतो. मोठ्या कंपन्यांनी या चक्रातून सुटण्यासाठी जमिनी भाड्याने घेऊन स्वतःच आगावे लावला. नाव मोठं झालं, लहान शेतकरी बाजूला पडला. सीमा किती मोठी आणि नियम किती सैल, या दोन निर्णयांनी हे घडलं.

दार्जिलिंग चहाचं दुसरं टोक. भारतातला पहिला जीआय, टी बोर्डाची कडक व्यवस्था, ८७ मळे, प्रत्येक निर्यातीला मूळ ठिकाणाचं प्रमाणपत्र, युरोपात २०११ पासून संरक्षण. हिशेबाच्या बाबतीत यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण वापरकर्ता मळ्याची कंपनी आहे आणि कामगाराची मजुरी सरकार, मालक, संघटना यांच्या वाटाघाटीत ठरते; चहा कितीला गेला याच्याशी तिचा थेट संबंध नाही. तुमच्या बागांतले राखणदार आणि काढणीचे मजूर, ज्यांत नेपाळहून आलेले पुष्कळ, यांच्या बाबतीत तेच होईल, जर तुम्ही आधी विचार केला नाहीत. चौदा आणे फळ ओळखणारा तोच आहे. शिक्क्याच्या पेटीला जादा भाव मिळाला तर त्यातला ठरलेला हिस्सा काढणीच्या टोळीला, हे संहितेतच लिहा.

कंबोडियातल्या काम्पोत मिरीचं उदाहरण आकाराने तुमच्या जवळचं. २०१० मध्ये देशात नोंदणी, २०१६ मध्ये युरोपात. दोन लहान प्रांत, एकच उत्पादक संघटना, प्रत्येक मळ्याची नोंद, काळी-पांढरी-लाल-हिरवी अशा प्रती ठरलेल्या, आणि नाव वापरायचं तर संघटनेत यावंच लागतं. उत्पादन थोडं ठेवलं, नियम कडक ठेवले. पाच जिल्ह्यांच्या हापूसला तेवढं लहान होता येणार नाही, पण एका तालुक्याच्या संस्थेला तिच्या शिक्क्यापुरतं नक्की होता येईल.

जीआयकडून काय मागू नये

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दिसल्या आणि ‘जीआय असून काय झालं’ असा गदारोळ झाला. जीआयने नाव राखलं जातं, घाट किंवा कारागिरी नाही. आणि भारतातल्या नोंदणीला इटलीत जोर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली, कारण हक्क बजावायचा तो नोंदणीकृत मालकांनी, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी. गदारोळाचा दबाव मात्र कामी आला. डिसेंबरमध्ये प्राडाने त्या दोन महामंडळांशी करार केला. कारागिरांच्या संस्थांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: युरोपात हस्तकलेच्या वस्तूंसाठी स्वतंत्र नोंदणी १ डिसेंबर २०२५ पासून खुली झाली आहे. शेतमालासाठी ती वाट आधीपासून आहे. कांगडा चहाला २०२३ मध्ये तीतूनच संरक्षण मिळालं. पण तिथे आपली तपासणी व्यवस्था दाखवावी लागते, म्हणजे पुन्हा वरचाच हिशेब.

आणि प्रत्येक पिकाला जीआय हवाच असंही नाही. इथिओपियाने सिदामो, हरार, यिरगाचेफे या कॉफीच्या नावांसाठी २००५ पासून ट्रेडमार्कचा रस्ता धरला, कारण लाखो विखुरलेल्या लहान शेतकऱ्यांच्या बागा तपासणं त्यांना शक्य नव्हतं. तुमच्या शेजारच्या गावाला त्यांच्या फणसासाठी किंवा काजूसाठी ‘आम्हालाही जीआय’ असं वाटत असेल आणि नाव अजून गावाबाहेर गेलेलं नसेल, तर आधी संस्थेचा सामूहिक ट्रेडमार्क घ्या. तो लवकर मिळतो आणि नियम तुमच्या हातात राहतात. वाण स्थानिक असेल तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्यांचा वाण म्हणून नोंद करा. जीआय नाव राखतो. बियाणं संकरित आलं तर नाव राहतं आणि चव जाते.

या वर्षी काय करायचं

जून-जुलैत साडेतीनशे अर्जांची मोहीम, वाडीवार, एका दिवशी एक वाडी. प्रतिज्ञापत्राला नोटरी तिथेच बसवा. ऑगस्ट ते ऑक्टोबर झाडांची मोजणी आणि भ्रमणध्वनीवर जागेचे निर्देशांक. नोव्हेंबरच्या सभेत आचारसंहिता मंजूर, आणि दंडाचा तक्ताही त्याच सभेत. नंतर कोणी मान्य करत नाही. जानेवारीत फळधारणा पाहून कोटा, फेब्रुवारीत शिक्के.

हे काम अनुदानावर चालवू नका. अनुदान पहिल्या वर्षाच्या शिक्क्यांना मिळतं, तिसऱ्या वर्षाच्या तपासणीला नाही. पेटीमागे पाच रुपये वर्गणी ठेवली आणि २०,००० पेट्या शिक्क्याने गेल्या तर एक लाख जमतात. त्यात दोन तरुणांचं हंगामी मानधन आणि बाजारातली नमुना खरेदी निघते. शिक्क्यांची किंमत सभासदाने वेगळी द्यावी, म्हणजे तो मोजून मागतो.

पहिल्या हंगामात सगळा माल शिक्क्याने विकायचा हट्ट धरू नका. सगळ्यात शिस्तीच्या तीस-चाळीस बागा घ्या. त्यांचा माल दोन-तीन ठरावीक खरेदीदारांना लेखी दराने द्या, आणि उरलेला वाशीला नेहमीसारखा जाऊ द्या. रोज एकाच प्रतीच्या शिक्क्याच्या आणि बिनशिक्क्याच्या पेटीला काय भाव मिळाला, एवढी एक वही ठेवा. मे अखेरीला त्या वहीत फरक दिसला तर उरलेले सभासद न बोलावता येतील. दिसला नाही, तर आधी परत आलेल्या फळांच्या नोंदी पाहा: साका किती, डागी किती, काढणी कोणत्या टोळीने केली. दोष शिक्क्यात क्वचित असतो. बहुतेक वेळा तो काढणी आणि वाहतूक यांच्यामधल्या सहा-सात तासांत सापडतो.